नाताळात घराला कुलूप, जंगल सफारीला जायचंय: सासूसासरे, दोन मुलं आणि (जमल्यास) वाघ

कुळागरातली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. दरवर्षी २३ डिसेंबरपासून घरी पाहुण्यांची रीघ. नवऱ्याचे मुंबईचे, माझे पुण्याचे, ऑफिसातल्या कुणाच्या वहिनीची मैत्रीण, सगळ्यांना बीच दाखवा, सगळ्यांना बेबिंका बांधून द्या, आणि ३१ तारखेला गाडी बाहेर काढली तर घरी पोचेपर्यंत नवीन वर्ष उजाडतं. यंदा चवथीलाच (गणेशचतुर्थीला) मी जाहीर केलंय, नाताळात कुलूप. आपण पण कुठेतरी पाहुणे होऊया.

मुलांना (१४ आणि ९) सफारी करायचीय. सोबत सासरे (७२, बीपीची गोळी, बाकी ठणठणीत) आणि सासूबाई (६८, गुडघे). घरात मतं अशी: नवरा म्हणतो ताडोबा, थोरला म्हणतो कर्नाटकातलं काबिनी कारण काळा बिबट्या, धाकटीला सिंह हवाय, आणि पुण्याचे भावोजी म्हणतात एकदाच काय ते केनियाचं मसाई मारा करून टाका. सासूबाईंचं म्हणणं वाघ बघायला पैसे कशाला, आपल्या गावच्या देवळीत दगडाचा आहे तो बघा, नमस्कार तरी घडेल.

सात-आठ दिवस आहेत. खर्च बेताचा. कुठे जावं?

नुस्तेंखाऊ

कुळ्याला जा, दूधसागरची जीप धर. धक्के तेच, धूळ तीच, फक्त वाघाच्या जागी बनियनवर सेल्फी काढणारे पर्यटक. दुपारी घरी येऊन शीत-कडी.

तिसऱ्यो

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. आम्हालाही मे मध्ये जायचंय.

रानभूल

ताई, बरोबर वेळी धागा काढलात. गेली अठरा वर्षं वर्षातून एक तरी जंगल करतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पहिली गोष्ट, जंगल नंतर ठरवा, आधी महिना बघा. डिसेंबर आणि मे ही एकाच जंगलाची दोन वेगळी रूपं आहेत. मे मध्ये पाणवठे आटलेले, पानगळ झालेली, जनावर उरलेल्या पाण्यावर येतंच, म्हणून साइटिंग भरपूर. पण चंद्रपूरचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या वर पारा आणि उघडी जिप्सी, ७२ वर्षांच्या माणसाला मी तरी नेणार नाही. डिसेंबरमध्ये गवत उंच, ओढ्यांना पाणी, वाघाला रस्त्यावर यायची गरज नाही. पण जंगल देखणं असतं आणि हवा छान. थंडी मात्र आपल्याला झेपणारी नाही, ते खाली सांगतो.

दुसरी गोष्ट, तीन जंगलं सात दिवसांत करू नका. माझी पहिली ट्रिप तशी होती, पेंच-ताडोबा-नागझिरा, आठवतात ते फक्त ढाबे. एकच जंगल घ्या, एकाच गेटजवळ राहा, चार सफाऱ्या करा. पहिली सफारी डोळे सरावण्यात जाते. दुसरीला सांबर आणि नीलगाय यातला फरक कळतो. तिसरीला मुलं स्वतःहून गप्प बसतात. चौथीला काय दिसेल ते दिसेल.

ताडोब्याबद्दल: कोअरचे (आतल्या मुख्य जंगलाचे) मोहर्ली, कोलारा, नवेगाव असे गेट, शिवाय बफरचे (बाहेरच्या पट्ट्याचे) वेगळे. मंगळवारी कोअर बंद. एका जिप्सीत सहा जण, वर गाइड आणि ड्रायव्हर. म्हणजे तुम्ही सहाच्या सहा एका गाडीत मावता, हा मोठा फायदा. पण नाताळच्या आठवड्यात परमिट मिळणं म्हणजे चवथीला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात शेवटच्या दिवशी तोरिंग (पपनस) शोधण्यासारखं. प्रत्येक गेटला गाड्यांची संख्या ठरलेली असते. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी परमिट, मग हॉटेल, मग तिकीट. लोक बरोब्बर उलटं करतात.

थंडी: डिसेंबरात मध्य भारतात पहाटे पारा एक आकडी असतो आणि उघड्या गाडीत वारा लागतो तो वेगळाच. कान, बोटं आणि गुडघे. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घोंगडी घ्याच.

सत्तरीकर

सगळे दूरची जंगलं सांगायला लागले. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे, किती जणांनी पाहिलंय? म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर आणि त्यातच मोलेचं उद्यान, चोडणचं सलीम अली. चोडणला तर रायबंदरहून फेरीने पाच मिनिटांत पोचता. पुण्यामुंबईचे लोक तांबडी सुर्लाला पक्षी बघायला येतात, खांद्यावर तोफेएवढी लेन्स, आणि आम्ही ताडोब्याच्या परमिटसाठी पहाटे लॅपटॉप उघडून बसतो.

कुळागरातली

@नुस्तेंखाऊ 😀 दूधसागरची जीप झालीय, सासूबाईंनी त्यानंतर महिनाभर कंबरेला तेल लावून घेतलं.

@सत्तरीकर, तुमचं खरं आहे, पण घरात राहिलं तर पाहुणे येतात हो. मुद्दा पळून जायचा आहे.

@रानभूल, एवढं लिहिल्याबद्दल आभार. नवऱ्याला वाचायला दिलं, तो म्हणाला वाघ दिसणार नसेल तर कशाला जायचं. आता त्याला काय सांगू?

रानभूल

त्याला सांगा, वाघ दिसला तर तो बोनस. माझ्या मते सफारीतला सगळ्यात भारी क्षण वाघ दिसतो तो नसतोच, त्याच्या आधीचा असतो. गाइड हात वर करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो. सगळं शांत. मग लांबून सांबराचा कॉल, भोंगा वाजावा तसा, एकदाच. चितळ कुणालाही घाबरून ओरडेल, सांबर उगाच ओरडत नाही असं गाइड लोक म्हणतात. मग झाडावरचा वानर खोकल्यासारखा आवाज काढतो आणि गाडीतला प्रत्येक जण श्वास धरून एकाच बांबूच्या बेटाकडे बघत असतो. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. कधी काहीच येत नाही, आणि तरी ती पंधरा मिनिटं वर्षभर आठवतात.

पोदेराची_घंटा

हे वाचायला छान आहे पण प्रत्यक्षात त्या पंधरा मिनिटांत मागून अकरा जिप्स्या येतात. विदर्भातल्याच एका जंगलात (नाव नको) आमच्यापुढे वाघीण होती म्हणे. म्हणे, कारण मला दिसलं ते पुढच्या गाडीत उभ्या असलेल्या काकांचं जॅकेट. रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या, बाजूने 'बसा, बसा' असा ओरडा, डिझेलचा वास. ती बिचारी उठून गेली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बरा, तिथे निदान चोरीस सॉसेज मिळतात.

केप्याची_सून

+१. म्हणून आम्ही बफरला जातो. गर्दी कमी, पैसे कमी. बिबट्या आणि अस्वल आम्हाला बफरमध्येच दिसलं.

पात्रांव_५६

भावोजींचं ऐका! आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मारा करून आलो. दोन्हींची तुलनाच नाही. इथे पंधरा मिनिटं बांबूकडे बघायचं, तिथे गेटमधून आत शिरलात की झेब्रा, जिराफ, हत्ती, सगळं डोळ्यासमोर, कारण माळरान आहे, लपायला जागाच नाही. सिंह गाडीच्या सावलीत येऊन बसला, माझी बायको आणि तो यांच्यात एक पत्र्याचा दरवाजा. मारा नदीवर अडीच तास थांबलो आणि विल्डेबीस्टने (गाईसारखी दिसणारी हरणं) उडी मारली ती एकाने मारली म्हणून सगळ्यांनी, अगदी आपल्या वास्को सप्ताहाच्या गर्दीसारखी.

एक गंमत सांगतो. बायकोने चकल्या, शंकरपाळे, खाजें सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेलं. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे हे विमानात शेजारच्या गुजराती बाईंनी सांगितलं. मग काय, उतरायच्या आधी अर्ध्या चकल्या सीटवर बसून खाल्ल्या आणि उरलेल्या टॉवेलात बांधल्या. आठवडाभर टॉवेलाला हिंगाचा वास.

अवांतर: नैरोबीत गोंयकारांचा जिमखाना आहे बरं का. आणि १९६६ मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी, त्यांचे वडील गोंयकार आणि आई मसाई. आमच्या ड्रायव्हरला मी गोव्याचा म्हटल्यावर त्यानेच हे नाव घेतलं, मला ठाऊक नव्हतं, लाजच वाटली.

मांडवीकाठ

पात्रांव, किस्सा झकास, पण ताईंना डिसेंबरात जायचंय. डिसेंबरात विल्डेबीस्टचे कळप माऱ्यात नसतात, ते खाली टांझानियातल्या सेरेंगेटीत दक्षिणेकडे निघालेले असतात. नदी ओलांडतानाचा जो व्हिडिओ सगळे बघतात तो साधारण जुलै ते ऑक्टोबरचा. माऱ्याची प्रवेश फी परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. म्हणजे नाताळात गेलात तर भाव कळपाचा आणि कळप गायब. सिंह, हत्ती, चित्ते वर्षभर असतात ते खरं. पण बेताच्या खर्चात सहा माणसं? भावोजी स्पॉन्सर करतायत का आधी विचारा.

कुळागरातली

विचारलं. फोन कट झाला.

नुस्तेंखाऊ

😂😂 हा का ना का

डिचोलीची_डॉक्टर

पुढेमागे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. केनियाहून भारतात परतताना यलो फीवरच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर परत आल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठराविक सरकारमान्य केंद्रांतच. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या वरच्यांनी ती सरळ जाऊन टोचून घेऊ नये, आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावं, या वयात दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो. ताई, तुमच्याकडे ७२ आणि ६८ आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता जिप्सीबद्दल, कारण हे कुणी बोलत नाही. जिप्सीत चढायला पायरी उंच असते. गुडघे धरलेल्या माणसाला टायरवर पाय ठेवून चढायला लावतात. जमत असेल तर एक छोटं प्लास्टिकचं स्टूल सोबत न्या, हसतील, हसू दे. सासूबाईंना मधल्या सीटवर बसवा, मागची सीट सगळ्यात उंच, तिथे धक्के जास्त. मागे मुलांना टाका, त्यांना तेच आवडतं. आणि बाथरूम. सकाळची सफारी साडेतीन-चार तासांची, आत वाटेल तिथे उतरता येत नाही, मधे एखाद्या ठरलेल्या जागी थांबवतात. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि मग दुपारी डोकं धरून बसतात. पाणी प्या, फक्त निघायच्या अर्धा तास आधी चहा नको. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध असेल तर ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. माझ्या स्वतःच्या बाबांनी पहाटे पाचला घेतली आणि मग आमची अख्खी सफारी वाघाऐवजी शौचालय शोधण्यात गेली.

तिसऱ्यो

डॉक्टर, स्टूलची आयडिया सोन्यासारखी. वाचनखूण साठवली.

काजूबी

आम्ही काबिनी केलीय, थोरल्याच्या मताला माझं एक वोट. हत्तींचे शंभर-शंभरचे कळप पाण्यावर येतात. बोटीतूनही सफारी असते, आजीआजोबांना उत्तम, धक्के नाहीत. ताई, डोळे झाकून जा.

रानभूल

काजूबी, तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात?

काजूबी

एप्रिल अखेर.

रानभूल

तेच. काबिनीचं धरण १९७४ चं, उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं. आजूबाजूच्या जंगलात पाणी-चारा संपलेला, म्हणून नागरहोळे-बंडीपूरचे हत्ती तिथे गोळा होतात. डिसेंबरात जलाशय भरलेला, हत्ती जंगलभर विखुरलेले. दिसतील, पण तो मेळा नाही. ज्याला काबिनीचे फोटो बघून जायचंय त्याने मार्च ते मे मध्येच जावं. आणि काळा बिबट्या... थोरल्याला सांगा, लोक तिथे वर्षानुवर्षं खेपा घालतात. फोटोत तो रोज दिसतो कारण फोटो तेच तेच फिरतात.

काजूबी

ओके, मान्य. पण बोटीचा मुद्दा कायम.

सुशेगाद_जोशी

काबिनीला गोव्यातून गाडीने जायचा विचार असेल तर नको. मैसूरच सहाशेच्या वर किलोमीटर आहे. मी एका दमात केलं, दुसऱ्या दिवशी सफारीत झोपलो, बायको म्हणते माझ्या घोरण्याला चितळांनी कॉल दिला.

केप्याची_सून

धाकटीच्या सिंहाचं काय मग? गीरला सिंह दिसायची शक्यता खूप चांगली, आणि देवळियाला कुंपणातला भाग आहे तिथे बसमधूनही दाखवतात. पण गोव्यातून गीरजवळच्या सासणला पोचणं म्हणजे काशीयात्रा.

हळदोणेकर

बुकिंगच्या बाबतीत सावध राहा. मागच्या वर्षी एका एजंटने आमच्याकडून 'पाच सफारी, कोअर, गॅरंटी' म्हणून आगाऊ पैसे घेतले. गेटवर गेलो तर परमिटवर नावं भलत्याच कुणाची, आमच्या आधार कार्डाशी काही जुळेना. गेटवरचा माणूस सभ्य होता, म्हणाला साहेब मी काय करू, नाव नाही तर आत नाही. आई गाडीत मफलर गुंडाळून बसलेली, पहाटेचे सहा. एजंटचा फोन बंद. शेवटी दुपारी बफरचं एक परमिट मिळालं ते आमच्या ड्रायव्हरच्या खटपटीने. तेव्हापासून मी स्वतः वनखात्याच्या साइटवर बुक करतो. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहायचं, घरचं लाडाचं नाव नाही, आणि जे ओळखपत्र नोंदवलं तेच मूळ सोबत न्यायचं, झेरॉक्स चालत नाही. आणि गॅरंटी हा शब्द ऐकला की फोन ठेवायचा. वाघाची गॅरंटी फक्त प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्याची.

मीटरगेज

मी रेल्वेवाला (म्हणजे वेडा, नोकर नव्हे) त्यामुळे उलट्या बाजूने विचार करतो: गोव्यातून गाडी न बदलता कुठल्या जंगलाजवळ उतरता येतं?

आपल्या वास्कोहून रोज निघणारी गोवा एक्सप्रेस. दुपारी निघते, मडगाव, कुळे करत घाट चढते, दूधसागर खिडकीतून फुकट. बेळगावला कुंदा. रात्री झोपा, पहाटे पुणे, मग मनमाड, भुसावळ, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इटारसी. तिथून सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं मढई गेट रस्त्याने दीडेक तास. कुणी बोललंच नाही सातपुड्याबद्दल!

मढईला गंमत अशी की गेटवर पोचल्यावर आधी देनवा नदीचं पाणी बोटीने ओलांडायचं आणि मग पलीकडे जिप्सी. बोटीची सफारी वेगळी मिळते. पायी सफारीही करता येते, बाकीच्या व्याघ्र प्रकल्पांत हे क्वचितच, मात्र तिला वयाची अट असते, आधी विचारा. वाघ कमी दिसतात. अस्वलं, रानकुत्रे, बिबटे, शेकरू, गवे भरपूर. गर्दी ताडोब्याच्या मानाने काहीच नाही. आणि शेवटचे दोन दिवस पचमढी, थंड हवेचं ठिकाण, आजीआजोबा खूश.

आता खरी युक्ती. नाताळात अख्खा देश गोव्याकडे येत असतो, आपण उलट्या दिशेने जातोय. २२-२३ ला गोव्यातून बाहेर जाणारी गाडी आरामात मिळते. पण परतीला २९-३० ला बसलात तर दिल्ली-भोपाळचे सगळे थर्टीफर्स्टवाले तुमच्या डब्यात. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, परतीचं त्याच सकाळी काढा.

रानभूल

मीटरगेज बाब, दंडवत. सातपुडा मी स्वतः सुचवायला हवं होतं. मी वाघवाल्यांच्या नादाने ताडोब्यावरच अडकलो. ताई, तुमच्या घरच्या मंडळींना यापेक्षा बरं जंगल नाही. एक नोंद, मध्य प्रदेशात बुधवारी दुपारी सफारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस बसवा.

नुस्तेंखाऊ

सगळं ठीक पण सात दिवस नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय)? तिथे संध्याकाळी पनीर, सकाळी पोहे, परत पनीर. मी कान्ह्याला गेलो तेव्हा चौथ्या दिवशी तळ्यातल्या बगळ्याच्या चोचीतला मासा बघून डोळ्यांत पाणी आलं.

केप्याची_सून

सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून न्या. कोरडी, टिकतात, घट्ट डब्यात.

सुशेगाद_जोशी

डबा रेल्वेत उघडू नका. अनुभव आहे. सहप्रवाशांनी टीसीला बोलावलं.

थोरल्याचा_बाप_नाही

चौदा वर्षांच्या मुलाला कॅमेरा द्या. मोबाईल बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, ताडोब्यात तर नाहीच. माझ्या मुलीने पहिला अर्धा तास तोंड पाडलं, मग दुर्बीण हातात दिली तर परत देईना. दुर्बीण ८x४२ घ्या, जास्त पॉवरची हलत्या गाडीत नुसती थरथरते.

सत्तरीकर

मघाशी मी जरा तिरका बोललो. पण दुखतं म्हणून बोललो. २०२० च्या जानेवारीत आमच्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषबाधेने. त्याच्या आधी गुरं मारली गेली होती. तुम्ही चार सफाऱ्या करून वाघ दिसला नाही म्हणून हळहळता, इथे चार होते आणि ते आम्हाला दिसले ते असे. वाघेरी डोंगर आमचा, वाघ्रो देव आमचा, त्याला नारळ आम्हीच देतो.

पोदेराची_घंटा

मग गोव्यात व्याघ्र प्रकल्प होऊ द्या की. २०२३ मध्ये हायकोर्टाने तीन महिन्यांत अधिसूचित करा सांगितलं तर सरकार सुप्रीम कोर्टात.

सत्तरीकर

घंटाबाब, पाव वाटत येता आणि जाता तुम्ही. ज्याचं कुळागर (सुपारीची बाग) आणि काजू त्या नकाशात येतात त्याला घर सुटायची भीती असते, ती खोटी म्हणून उडवता येत नाही. माझ्याच घरात दोन मतं आहेत, मी एक, माझा काका दुसरं. चवथीच्या पंगतीत यावरून आमचं बोलणं बंद झालंय.

मांडवीकाठ

यावर वेगळा धागा काढा, मी येतो, भांडू. इथे ताईंचं तिकीट काढायचं राहील.

कुळागरातली

सत्तरीकर, मुलांना ती गोष्ट वाचून दाखवली. थोरला बराच वेळ गप्प होता.

अपडेट: मढईच्या चार सफाऱ्या मिळाल्या, सहाही जण एका गाडीत! एक बोटीची, ती काजूबींच्या नावाने. मग पचमढी दोन रात्री. परमिट आधी, हॉटेल नंतर, आणि मीटरगेज म्हणाले तसं परतीचं तिकीट उघडताक्षणी काढलं, जातानाचं तर दोन दिवसांनी सुद्धा सहज मिळालं. डॉक्टर, निळं स्टूल घेतलं. काबिनी एखाद्या मे मध्ये. सिंहासाठी धाकटीला सांगितलंय की लग्न गुजरातेत लावून देऊ.

शेवटचा प्रश्न, गोव्यात लोकरीचे मोजे कुठे मिळतात? दुकानदार माझ्याकडे वेड्यासारखा बघतो.

डिचोलीची_डॉक्टर

मिळत नाहीत. दोन सुती मोजे एकावर एक, आणि बूट त्या मापाचे. गाडीत गरम पाण्याची पिशवी देतात का विचारा, बऱ्याच लॉजवाले देतात.

कुळागरातली

(जानेवारी) धागा वर काढतेय, वचन दिलं होतं म्हणून.

वाघ दिसला नाही. पंजे दिसले, पहाटेच्या धुळीत, इतके ताजे की गाइडने खाली वाकून कडेची माती अजून ढासळली नाही ते दाखवलं. नवरा त्या पंजांचे चाळीस फोटो घेऊन आलाय आणि ऑफिसात प्रत्येकाला दाखवतोय, ज्याचं म्हणणं होतं वाघ नाही तर कशाला.

अस्वल दिसलं, आई आणि पाठीवर दोन पिल्लं. रस्ता ओलांडताना एक पिल्लू घसरलं, खाली पडलं, परत पाठीवर चढेपर्यंत आई तशीच उभी. सासूबाई एवढंच म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला मी असाच आणला बाजारातून.

स्टूल! पहिल्या दिवशी ड्रायव्हर हसला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीतल्या आजींनी मागितलं. चौथ्या दिवशी ते गेटवरच ठेवून आलो, त्यांनीच मागून घेतलं.

थंडीचं रानभूल म्हणाले ते कमीच होतं. सासरे माकडटोपी, वर मफलर, वर घोंगडी, फक्त चष्मा दिसत होता. तर तिसऱ्या सफारीला गाइड एकदम कुजबुजला, 'बायसन! बायसन!' सगळ्या गाड्या थांबल्या, कॅमेरे निघाले. गवताच्या कडेला भला मोठा काळा नर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. घोंगडीतून आवाज आला: "बायसन खंयचो? गवो रेडो तो. गोव्याचा राज्यप्राणी. हजार किलोमीटर थंडीत आणून मला आमच्या मोल्याचा रेडा दाखवताय?" गाइडला काही कळलं नाही, पण तो हसला.

त्यामुळे आता हुकूम झालाय की पुढच्या महिन्यापासून गोव्यातली सगळी अभयारण्यं, एकेका गुरुवारी एक, कारण गुरुवारी नवऱ्याची सुट्टी. सत्तरीकर, सुरुवात बोंडल्यापासून करतोय, जवळ पडतं.

सत्तरीकर

या की. पण गुरुवारी नको, गुरुवारी बोंडला बंद असतं.